शहरात राहून, कुठे ट्रेकबिकला न जाता निसर्गातलं काही बघून थक्क व्हायला होतं का? तुमचा अनुभव काय?

होतं ना. मला तर पार्किंगमध्ये झालं.

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की नऊ ते सात ऑफिस, वर दोन तास ट्रॅफिक, जो तो सांगतो निसर्गात जा म्हणजे डोकं शांत होईल, पण लोणावळ्याला जायचं तर त्याच ट्रॅफिकमधून जायचं आणि तिथे पोचून परत माणसंच बघायची. शंभर टक्के पटलं, मी पण त्यातलाच. म्हणून धबधब्यांची यादी वगैरे देत नाही, आमच्या सोसायटीतल्या उंबराबद्दल सांगतो. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आमची सोसायटी पुण्यात, जुनी, आणि चिठ्ठ्या टाकून पार्किंग वाटलं तेव्हा माझ्या वाट्याला उंबराखालची जागा आली. ज्यांच्याकडे उंबर आहे त्यांना पुढचं सांगायलाच नको. याची फळं शेंड्याला लागत नाहीत, बुंध्याला आणि जाड फांद्यांना घोसच्या घोस लगडतात, तेही वर्षातून एकदा नाही, बरेचदा. मग पिकतात आणि पडतात, सीटवर, हँडलवर, हेल्मेट आरशाला अडकवलेलं असेल तर हेल्मेटमध्ये. त्यावर माश्या. रात्री वटवाघळं येणार आणि जाताना आपापला प्रसाद ठेवून जाणार. सेक्रेटरी काका दर मीटिंगला म्हणायचे छाटून टाकू, दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणायच्या दत्ताचं झाड आहे हात लावाल तर बघा, आणि यात अर्धा तास जायचा. माझं मत? मी मनातून काकांच्या बाजूचा होतो, पण आजींसमोर बोलायची हिंमत नव्हती.

त्या वर्षी माझं तसंही काही बरं चाललेलं नव्हतं. वडिलांचं आजारपण, ऑफिसात माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा माझ्यावर बॉस होऊन बसलेला, झोप उडालेली. पहाटे साडेपाचला जाग यायची आणि मग उगाच खाली येऊन गाडी पुसत बसायचो.

तर एक दिवस मुलगी, तेव्हा सहावीत, वाक्प्रचार पाठ करत होती. उंबराचं फूल असणे, म्हणजे क्वचित दिसणे. मला म्हणाली, बाबा, आपल्या उंबराला फूल कधी येतं? मी म्हटलं येत नाही, म्हणून तर तसं म्हणतात. ती म्हणाली, मग फुलाशिवाय फळ कसं येतं?

गप्प बसलो. माझी आजी सांगायची की उंबर मध्यरात्री फुलतो, ज्याला दिसेल तो राजा होतो. ते सांगून बघितलं, पोरीने नुसतं माझ्याकडे बघितलं.

मग त्या रविवारी खाली गेलो, बुंध्यावरचं एक कच्चं हिरवं उंबर तोडलं आणि ब्लेडने मधोमध कापलं. आजीचीच अजून एक म्हण होती, उंबर फोडून केंबरं काढू नयेत, म्हणजे झाकलेलं झाकलेलं राहू द्यावं. ती म्हण मोडली ते बरं झालं. आत फुलं होती. सगळीच्या सगळी आत! उंबर हे आपण समजतो तसं फळ नाहीच, पिशवी आतून बाहेर उलटी करावी तसा तो अख्खा फुलोराच आत वळलेला असतो, आणि आतल्या भिंतीला हजारावर बारीक फुलं दाटीवाटीने चिकटलेली. आजपर्यंत कोणाला उंबराचं फूल दिसत नव्हतं कारण सगळे वर झाडाकडे बघत होते आणि फुलं पायाखाली चिरडत होते, त्यात मी पण.

आणि फुलांच्या मध्ये एक काळा ठिपका. मेलेला किडा. जेमतेम 2 मिलिमीटर. पंख नाहीत.

त्या ठिपक्यावर मी पुढचे सहा-सात महिने घालवले असं म्हटलं तरी चालेल. सराफ डोळ्याला लावतात तसं दहा पट मोठं दाखवणारं भिंग आणलं, रात्री मिळेल ते वाचत बसायचो आणि सकाळी खाली जाऊन ताडून बघायचो. काय कळलं ते सांगतो, कारण खरी मजा त्यातच आहे.

तो किडा म्हणजे गांधीलमाशीची अगदी लांबची, पिटुकली चुलतबहीण. उंबराच्या आतली फुलं तयार झाली की झाड एक वास सोडतं, आपल्याला तो कळत पण नाही, पण ही माशी त्या वासावर येते. उंबराच्या टोकाला जी बारीक खाच असते तिथून आत घुसते. ती वाट इतकी अरुंद आणि खवल्यांनी इतकी गच्च बंद की घुसताना तिचे पंख तुटतात, मिशांचे तुकडे पडतात. भिंगातून नीट बघितलं तर कधीकधी त्या खाचेत अडकलेले पंख दिसतात, मला दिसलेत. म्हणजे आत गेली ती गेली, परत यायची सोय नाही. आत अंधारात ती दोन कामं करते, काही फुलांमध्ये अंडी घालते आणि बरोबर आणलेला पराग फुलांना लावते. आणि पराग चुकून अंगाला चिकटून आलेला नसतो बरं का, छातीपाशी दोन खिसे असतात तिला, जिथे जन्मली त्या उंबरातून निघताना पायांनी पराग गोळा करून ते खिसे भरून आणते. मग तिथेच मरते. काही फुलांमध्ये बी धरतं, काहींमध्ये तिची पिल्लं वाढतात. एका फुलात एकच, बी नाहीतर माशी. झाड आपली थोडी फुलं देऊन टाकतं, बदल्यात बाकीच्यांमध्ये बी मिळतं. इतका सरळ व्यवहार मी तर आमच्या बिल्डरकडून पण बघितला नाही.

काही आठवड्यांनी आधी नर बाहेर येतात. बाहेर म्हणजे आपापल्या फुलातून बाहेर, उंबराच्या आतच. पिवळसर, पंख नसलेले. माद्या अजून आपापल्या कोषात असतात तेव्हाच त्यांच्याशी मीलन करतात आणि मग सगळे मिळून उंबराची भिंत कुरतडून बाहेर जायला बोगदा पाडतात. बोगदा माद्यांसाठी. नर फार तर बाहेर टपकतात आणि टपकले की खाली मुंग्या टपलेल्याच असतात. माद्या पराग भरून घेतात, त्या बोगद्यातून उडतात आणि दुसरं उंबर शोधायला निघतात. हातात वेळ एक-दोन दिवसांचा. खाणंपिणं काही नाही. त्यात एका झाडाची उंबरं साधारण एकदमच तयार होतात, त्यामुळे बहुतेक वेळा स्वतःचं झाड कामाचं नसतं, दुसरं शोधावंच लागतं.

हे दुसरं झाड किती लांब असावं? आफ्रिकेत नामिबियात उंबराचाच एक भाऊबंद आहे, तिथल्या वाळवंटात उगाब नदीच्या काठाने ही झाडं विखुरलेली आहेत. 2009 साली संशोधकांनी तिथल्या रोपांचा डीएनए तपासला आणि पराग कुठल्या झाडावरून आला ते शोधलं, तर 160 किलोमीटरपर्यंत अंतर निघालं. पुण्याहून मुंबई गाठण्याइतकं झालं हे. 2 मिलिमीटरचा जीव, वाऱ्यावर स्वार होऊन, दोन दिवसांत, उपाशीपोटी. एक्स्प्रेसवेवर फूडमॉलला थांबून वडापाव खाताना मला हटकून हे आठवतं.

अजून एक प्रकार आहे तो राहिला. याच उंबरांवर दुसऱ्या जातीच्या माश्या येतात ज्या परागाचं काही काम करत नाहीत. त्या आत शिरतच नाहीत, बाहेर सालीवर बसून शेपटीसारखी लांबच लांब सुई आत खुपसतात आणि आतल्या पिल्लांच्या जिवावर आपली अंडी घालतात. केसापेक्षा बारीक सुई, कच्च्या कडक उंबरातून आरपार, वाकत नाही मोडत नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 2014 मध्ये दाखवलं की अशा एका माशीच्या सुईच्या टोकाला जस्त असतं. जस्त, म्हणजे झिंक! ड्रिलच्या बिटला टोकाशी कडक धातू देतात ना, तसं. आणि हे सगळं माझ्या गाडीच्या सीटपासून दोन फुटांवर चालू होतं आणि मी खालून फडकं मारत होतो.

(इथे कमेंटमध्ये कोणीतरी विचारणारच म्हणून आधीच सांगतो, अंजीर पण उंबराच्याच खानदानातला, मग तो व्हेज का नॉनव्हेज? आपल्याकडे सासवड-पुरंदरचे जे अंजीर मिळतात ती जात माशीशिवायच फळ धरते. खा बिनधास्त.)

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, की याने आपल्या प्रॉब्लेम्सकडे बघायची नजर बदलते का. मला ते 'आकाशाकडे बघा, तुमची दुःखं किती छोटी आहेत' टाइपचं बोलणं अजिबात झेपत नाही. दुःख छोटंबिटं काही होत नाही. वडिलांचं डायलिसिस होतं ते होतंच, आठवड्याला तीन वेळा. पण एक झालं. उंबर-वड-पिंपळाचं खानदान आणि या माश्या यांची सोयरीक शास्त्रज्ञांच्या अंदाजाने 7-8 कोटी वर्षांची आहे. हेच झाड हीच माशी असं नाही, त्यांचे पूर्वज, पण व्यवहार तोच. आणि आपला सह्याद्री ज्या काळ्या दगडाचा आहे तो लाव्हा साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे सिंहगडाचा कातळ थंड व्हायच्या आधीपासून कुठेतरी कोणीतरी 2 मिलिमीटरची बाई पंख तोडून घेऊन अंधारात शिरत होती. तेव्हा डायनासोर होते, भारत अजून आशियाला चिकटला पण नव्हता. हे मला हॉस्पिटलच्या बाकावर बसून मोबाईलवर वाचताना कळलं, आणि समोर भिंतीवर 'कृपया शांतता राखा' लिहिलेलं होतं, आणि मी खरंच एकदम शांत झालो. का ते मला नीट सांगता येणार नाही. बहुतेक त्या दहा मिनिटांत मी माझ्याबद्दल विचारच करत नव्हतो, आणि कित्येक महिन्यांत तसं झालेलं नव्हतं. आत बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, आपल्या गावच्या ओढ्यावरच्या उंबराखाली आम्ही पोरं उंबरं फुंकून खायचो, किडे उडून जाऊ देत म्हणून. पंचाहत्तरीच्या माणसाने ही गोष्ट मला आधी कधी सांगितली नव्हती.

तुम्हाला करायचं असेल तर माझ्या मते फिरायला जाऊ नका, अडकून पडा. एकच झाड, एकच कुंडी, बाथरूमच्या खिडकीतला एकच कोळी, आणि रोज तोच. पहिले आठ दिवस जाम बोअर होतं हे खरंय. फोटो काढायची घाई करू नका, मी केली होती, तीनशे ब्लर फोटो आहेत माझ्याकडे. आणि घरात दहा-बारा वर्षांचं पोर असेल तर त्याचे प्रश्न टाळू नका, माझं सगळं तिथूनच सुरू झालं. उंबरच बघायचं असेल तर सकाळी लवकर बघा, मला माद्या उडताना दिसल्या त्या सकाळीच. बारीक भोक पडलेलं उंबर शोधायचं आणि त्याच्या तोंडाशी मुंग्या घुटमळताहेत का बघायचं, असतील तर आत्ताच काहीतरी चालू आहे.

गेल्या पावसाळ्याआधी शेवटी रीतसर परवानगी काढून एक फांदी तोडलीच, ती खरंच वायरींवर आलेली, त्यात काही बोलण्यासारखं नव्हतं. आजी खिडकीतून बघत होत्या. संध्याकाळी ऑफिसमधून आलो तर फांदी खाली पडलेली, घोसांसकट. एक उंबर कापून बघितलं तर आत नर फिरायला लागलेले. म्हणजे आज-उद्याच. मुलीने आणि मी मिळून त्यातली पंधरा-वीस उंबरं उचलली, लोणच्याची रिकामी काचेची बरणी घेतली, तोंडाला मलमलचा कपडा रबराने बांधला आणि बाल्कनीत ठेवली. सकाळी सहाला बघतो तर काच आतून काळी, शेकड्याने माद्या, सगळ्या उजेडाच्या बाजूला. मुलीने कपडा काढला. दोन-तीन मिनिटांत बरणी रिकामी, धूर निघून जावा तशा गेल्या, कुठे गेल्या काही दिसलं नाही. तळाला उंबरं आणि नर तेवढे राहिले.

बरणी घासून परत लोणच्याला घेऊ का म्हणून बायकोला विचारलं. म्हणाली, नको, ती आता तुझीच.