सांगून जावा की!

जूनचा दुसरा पंधरवडा आला की आमच्याकडं येणाऱ्या पत्रांचा आणि मेसेजचा विषयच बदलतो. एरवी दात, सर्दी, जेवत नाही, मोबाईल सोडत नाही असलं सगळं चालू असतं, आणि आता नुसती नर्सरी. बाहेर कोल्हापूरचा पाऊस, गेटवर छत्र्यांची गर्दी, आणि प्रत्येक छत्रीखाली एक रडणारं पोरगं आणि रडू आवरणारी एक आई. यावेळी पाच प्रश्न घेतलेत, नावं कुणाचीच देत नाही.

राजारामपुरीतून एक आई: ताई, मुलगा तीन वर्षं दोन महिन्यांचा आहे. नर्सरीत घालून बारा दिवस झाले, रोज गेटवर पायाला मिठी मारून रडतो. टीचर म्हणाल्या, तो खेळण्यात रमला की तुम्ही गुपचूप सटकत जावा. दोन-तीन दिवस तसं केलं, तर आता घरीपण मला बाथरूमला जाऊ देत नाही, दाराबाहेर बसून हाका मारत राहतो. सासरे रोज सोबत येतात, मी निघाले तरी खिडकीतून बघत उभे असतात, आणि घरी आल्यावर म्हणतात, एवढं रडवून काय शिकवायचंय, राहू दे की घरात. काय करू?

बाथरूमच्या दाराबाहेर बसतोय म्हणताय ना, त्यातच सगळं आलं बघा. त्याला एक गोष्ट पक्की कळलीय, आपली नजर हटली की आई गायब होते. मग तो नजर हटवेल कशाला? घरी तुमच्यावरून हटवत नाही आणि शाळेत खेळण्यांकडं बघत नाही, कारण मागच्या वेळी खेळण्यांकडं बघितलं तेव्हाच तुम्ही गेला होता. म्हणजे ज्या ठोकळ्यांनी आणि मातीनं त्याचा जीव रमायचा, तेच आता त्याला धोक्याचं वाटायला लागलंय.

टीचरना मी दोष देणार नाही. जूनमध्ये वर्गात वीस-पंचवीस पोरं असतात, त्यातली निम्मी एकदम सूर लावतात, अशा वेळी शांतपणे निघून जाणारी आई म्हणजे देवच वाटतो. मी स्वतः बालवाडीत बावीस वर्षं काढली आणि पहिली काही वर्षं मीपण आयांना हेच सांगायची. मग एक मुलगी आली, ती दप्तर पाठीवरून काढायचीच नाही. खेळताना नाही, डबा खाताना नाही, गाण्याला नाही. रडायची पण नाही. मला वाटलं, वा, काय शहाणी मुलगी. आठवडाभरानं मी तिच्याशेजारी बसले आणि विचारलं, "पाठ दुखत नाही का गं?" तर माझ्याकडं न बघता म्हणाली, "मम्मी पळून गेली." तक्रार नव्हती त्यात, नुसती बातमी सांगावी तसं. दप्तर पाठीवर असलं की घरी जायची तयारी झालेली, एवढा तिचा हिशेब होता. त्या दिवसापासून मी आयांना सटका म्हणणं बंद केलं. सांगून जावा, रडलं तर रडू दे.

आता ते सांगणं कसं, ते जरा सविस्तर लिहिते, कारण इथंच गडबड होते. तीन वर्षांच्या पोराला साडेअकरा म्हणजे काय ते कळत नाही, आणि "पाच मिनिटात आले" म्हणून तुम्ही तीन तासांनी गेलात तर पाच मिनिटं या शब्दाची किंमतच जाते. त्याला क्रम कळतो. आधी गाणं, मग डबा, मग हात धुवायचे, मग घसरगुंडी, मग मम्मी. शाळेत खरोखर कोणत्या क्रमानं काय करतात ते टीचरना विचारून घ्या आणि तोच क्रम घरी आंघोळ घालताना, केस विंचरताना सांगत राहा. गेटवर एक मिठी, एक ठरलेलं वाक्य, "घसरगुंडी झाली की मी इथं या झाडाखाली उभी असणार," टीचरच्या हातात हात दिला की चालायला लागायचं. सगळं मिळून एक मिनिट. चार वेळा वळून बघणं, परत येऊन नाक पुसणं, परत एक पापी, यानं त्याला वाटतं की अजून थोडं जोर लावून रडलं तर ही थांबेल. आणि पोरगं चुकीचं नाही हो, आपण थांबतोच.

पहिले तीन-चार दिवस रडणं वाढेल असं धरून चला. पण तुम्ही गेल्यावर किती वेळ रडला, हे टीचरना रोज विचारा. बहुतेक पोरं आई वळणावर दिसेनाशी झाली की थोड्या वेळात थांबतात, आणि आई बिचारी त्या रडण्याचा आवाज कानात घेऊन दिवसभर स्वयंपाकघरात डोळे पुसत असते. आणायला मात्र पंधरा-वीस दिवस अगदी वेळेत जावा, जमलं तर पाच मिनिटं आधी. बाकीची पोरं जाताना बघत शेवटचं उरणं हे लै वाईट असतं, सगळी मेहनत पाण्यात जाते. तुमच्या जुन्या ओढणीचा एक तुकडा खिशात घालून दिलात तरी चालतं, रुमालासारखा. वासाची सोबत असते.

सासऱ्यांचं म्हणाल तर त्यांना नातवाची माया आहे, त्यात वाईट काय नाही, पण खिडकीतलं ते तोंड पोराला दिसतंय आणि त्याचा निरोप संपतच नाही. दोन उपाय सुचवते. एक, आठ दिवस पोचवायला त्यांनाच एकट्याला पाठवा, आईपेक्षा आजोबांपासून सुटणं बऱ्याच पोरांना सोपं जातं. नाहीतर सकाळी त्यांना गंगावेशीत दूध कट्ट्यावर पाठवा, ताजं दूध पिऊन चार दोस्तांत गप्पा मारून येतील, तेवढ्यात तुमचं काम झालेलं असतंय. आणि घरात कुणीही "थांब, टीचरना सांगतो" किंवा "रडलास तर शाळेत ठेवून येईन" म्हणायचं नाही, मस्करीतपण नाही. ज्या बाईंच्या भरवशावर पोरगं सोडायचं, तिलाच बागुलबुवा करून कसं चालेल?

वयाचं पण थोडं समजून घ्या. आईपासून दूर व्हायची ही भीती साधारण आठ-नऊ महिन्यांत सुरू होते, दीड वर्षापर्यंत जोरात असते आणि तिसऱ्या वर्षाच्या आसपास हळूहळू ओसरते. म्हणजे नर्सरीत जाणारं पोर त्या भीतीच्या शेवटच्या टोकाला उभं असतं, काही अलीकडं, काही पलीकडं. शेजारच्या वर्षभरानं मोठ्या मुलीशी तुलना करून "ती बघ कशी हसत जाते" म्हणू नका.

ताराबाई मोडकांचं काम माहीत असेल. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला आदिवासी मुलांसाठी बालवाडी काढली, पुढं अनुताई वाघ बरोबर आल्या, आणि मुलं शाळेपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर या बायांनी शाळाच पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी म्हणतो ती कल्पना तिथली. आता तुमच्या नर्सरीच्या टीचर राजारामपुरीत तुमच्या अंगणात येऊन बसणार नाहीत हे मला मान्य आहे, पण त्यातलं थोडं तुम्ही करू शकता. वर्गातलं एखादं पोर त्याच्या मम्मीबरोबर रविवारी घरी बोलवा, नाहीतर दोघांना रंकाळ्यावर न्या. सोमवारी गेटच्या आत एक ओळखीचं तोंड असलं की अर्धा किल्ला सर.

असं सगळं करूनही पाच-सहा आठवड्यांनंतर तो दिवसभर रडत असेल, शाळेत काहीच खात-पीत नसेल, किंवा येणारे शब्द बोलायचं सोडलं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बारा दिवस म्हणजे काहीच नाहीत.

मंगळवार पेठेतून एक आजी: सून आणि मुलगा दोघं शिरोली एमआयडीसीत कामाला, नातवाला शाळेतून मीच आणते. वाटेत विचारलं काय केलंस रे, तर "काय न्हाय." काय खाल्लंस, तर "काय न्हाय." सून संध्याकाळी मला विचारते, मी काय सांगू?

आजी, तुम्ही सुनेला दिवसभर काय केलंस विचारलं तर ती तरी काय सांगते? पोर दमलेलं असतं, पोटात भूक असते. आधी घरी नेऊन गूळ-चपाती द्या, पाणी द्या, अर्धा तास काही विचारू नका. मग विचारताना बारकं विचारा, आज घसरगुंडीवर पाणी साचलं होतं का, कोण रडलं, टीचरची साडी कुठल्या रंगाची. दुसरं कोण रडलं हे सांगायला पोरांना फार आवडतं, आणि त्या नादात आपलं पण सांगून टाकतात. डबा परत येत असेल तर एवढंच बघा की झाकण त्याचं त्याला उघडतंय का. स्टीलच्या घट्ट डब्यापायी कितीतरी पोरं उपाशी घरी येतात आणि आपण म्हणतो भाजी आवडली नाही.

उचगावहून एक बाबा: मुलगी साडेतीन वर्षांची, घरी तोंड बंद नसतं. इंग्लिश मीडियमला घातलंय. शाळेत एक शब्द बोलत नाही, आणि आठवड्यातनं तीनदा चड्डी ओली करून येते. घरी दोन वर्षांपासून ही सवय सुटली होती. तिची आई म्हणते, मुद्दाम करतीय.

मुद्दाम अजिबात नाही. मुलीला वाटत असणार की इथं इंग्लिशमध्येच विचारायचं असतं, "मे आय गो टू टॉयलेट" एवढं लांबलचक वाक्य वेळेवर आठवत नाही, मग ती विचारतच नाही, आणि मग व्हायचं ते होतं. टीचरना जाऊन भेटा आणि तिच्यासमोर त्यांच्या तोंडून वदवून घ्या की, "बाळा, शू आली असं म्हटलं तरी चालतंय, नुसतं बोट वर केलंस तरी चालतंय." तिच्यासमोर, हे महत्त्वाचं. तुम्ही घरी शंभरदा सांगून उपयोग नाही, परवानगी त्या बाईंची पाहिजे.

दुसरं म्हणजे एकदा शाळा सुटल्यावर तिला घेऊन ते टॉयलेट बघून या. घरी भारतीय पद्धतीचं आणि शाळेत कमोड, किंवा उलटं, फ्लशचा आवाज मोठा, कडी लागत नाही, आत अंधार, या गोष्टींनी पोरं अडतात. चड्डीची इलॅस्टिक सैल आहे का, तिची तिला खाली करता येते का ते पण बघा, युनिफॉर्मच्या स्कर्टची हुकं आणि बटणं मला कधीच पटलेली नाहीत. दिवसभर शू रोखून धरली तर इन्फेक्शन होऊ शकतं, म्हणून जळजळतंय म्हणाली किंवा ताप आला तर डॉक्टरकडं लगेच.

बोलण्याचं म्हणाल तर नवीन भाषेत पडलेली मुलं आधी बराच काळ नुसती ऐकतात, हे अगदी नेहमीचं आहे. माझ्या एका ओळखीच्या घरातली मुलगी तर मराठी शाळेतच गप्प झाली होती. आपल्या कोल्हापुरात बायका-मुलीसुद्धा "मी आलो, मी जेवतो" म्हणतात ना, ती तसंच बोलली, आणि नवीन आलेल्या बाईंनी चारचौघांत दुरुस्त केलं, "जेवतो नाही, जेवते." झालं, पोरीनं तोंडाला कुलूप लावलं ते दिवाळीपर्यंत. पोरीला काय कळणार, तिची आई, आजी, आत्या सगळ्या तेच बोलतात की! तेव्हा घरी इंग्लिशचा अभ्यास घेत बसू नका, "से ॲपल, से ॲपल" तर नकोच. घरची भाषा भरपूर बोला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असंच म्हटलंय, तुम्ही मीडियम काहीही निवडा, पण घर तरी मराठी राहू दे. पहिला महिना सोडून द्या, त्यानंतरही एक-दोन महिने शाळेत कुणाशीच, अगदी मैत्रिणीच्या कानातपण बोलली नाही तर मात्र बालरोगतज्ज्ञांशी बोला.

कसबा बावड्यातून एक आई: मुलगा दोन वर्षं चार महिन्यांचा. गल्लीतली सगळी प्लेग्रुपला जातात. मी घरीच असते. घालू का? तो मागं पडेल असं सगळे म्हणतात.

कशात मागं पडणार? त्याच धोरणात पायाभूत टप्पा तीन ते आठ वर्षांचा धरलाय आणि पहिलीचं वय सहा. म्हणजे त्याला पहिलीला अजून साडेतीन वर्षांवर वेळ आहे. तुम्ही नोकरीला जात असता किंवा घरी बघायला कुणी नसतं तर माझं उत्तर वेगळं असतं, तेव्हा चांगलं पाळणाघर किंवा प्लेग्रुप बघावंच लागतं आणि त्यात अपराधी वाटायचं काही कारण नाही. पण गल्लीनं घातलंय म्हणून नको. त्याला शेंगा सोलायला बसवा, भाजी आणायला न्या, संध्याकाळी इतर पोरांत सोडा. वाटलं तर जवळच्या अंगणवाडीत तास-दीड तास तुम्ही सोबत बसून या, ताईंना विचारून.

कळंब्यातून एक आई: मुलगी पंधरा दिवस छान गेली. मग ताप आला, पाच दिवस घरी होती. आता परत पहिल्या दिवसासारखं सुरू. सगळं वाया गेलं का हो?

वाया नाही गेलं. पहिल्या वर्षी नर्सरीतली पोरं सारखी सर्दी-तापानं घरी राहतात, आणि प्रत्येक सुट्टीनंतर, अगदी रविवारनंतरसुद्धा, थोडं मागं जाऊन परत पुढं येतात. दुसऱ्या वेळी कमी दिवस लागतात. आजारपणात दिवसभर टीव्ही आणि मांडीवर झोप अशी चैन झालेली असेल तर ती शेवटच्या दिवशी जरा कमी करा, आदल्या रात्री दप्तर तिलाच भरायला लावा आणि टीचरना मेसेज टाकून ठेवा की उद्या येतीय, जरा गेटवर घ्यायला या. रिक्षानं जात असेल तर पहिले दोन दिवस रिक्षावाल्या मामांना नको म्हणा, तुम्हीच सोडा. गणपतीच्या सुट्टीनंतर हेच परत होणार आहे, तेव्हा हे पान फाडून फ्रिजवर लावून ठेवलंत तरी चालेल.