जिवाणूला चाहूल लागते की तो हेरतो?

एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. विषमज्वर आणि क्षयावर मुलांसाठी टिपण लिहिताना त्यांच्याकडून वाक्य झालं : 'रोगकारक जिवाणू यजमान पेशीतील परिस्थितीचे संवेदन करून अनुकूलन साधतात.' चूक काही नाही, पण वाचवत नाही. 'संवेदन'ऐवजी 'ओळखतात' किंवा 'हेरतात' चालेल का? जिवाणूला मन नसतं, म्हणून पेन अडलंय.

अडलंय ते योग्य जागी. 'जिवाणू हेरतो' म्हटलं की तो प्रथमेतला कर्ता होतो, मुद्दाम टेहळणी करणारा. 'जिवाणूला चाहूल लागते' म्हटलं की 'ला' येतो आणि हेतू गळून पडतो. मुंग्यांना पावसाची चाहूल लागते असं आपण सर्रास म्हणतो. मुंग्या विचार करतात का, असं कुणी विचारत नाही. 'कळतं'लाही 'ला' लागतोच, पण कळायला समज हवी, म्हणून ते मी टाळेन.

आता घडतं काय ते पाहू. विषमज्वराचा जिवाणू साल्मोनेला कुळातला. आपल्या शरीरातली, जंतूंना गिळणारी भक्षकपेशी अशा जिवाणूला गिळून एका पिशवीत कोंडते. (पुस्तकी नाव रिक्तिका. आत जिवाणू असताना रिक्त कसली, ते असो.) पिशवी हळूहळू आम्लधर्मी होते. साल्मोनेलाच्या आतल्या पटलात फो-क्यू नावाचं प्रथिन रोवलेलं असतं. त्याच्या बाहेर डोकावणाऱ्या भागाला मॅग्नेशियमचे आयन चिकटलेले असतात, तोवर ते गप्प. आम्लता वाढली, मॅग्नेशियम घटलं किंवा भक्षकपेशीची धनभारित मारक पेप्टाइडं (प्रथिनांचे छोटे तुकडे) येऊन चिकटली की त्याचा आकार बदलतो आणि फो-पी या जोडीदाराकडे एक फॉस्फेट सरकतो. फो-पी डीएनएवर बसून जनुकं चालू-बंद करतं. मग जिवाणूच्या बाह्य आवरणावरचा ऋणभार कमी होतो आणि पेप्टाइडांची पकड सैल पडते. या जोडीवाचून साल्मोनेला रोग करण्यात लंगडा पडतो, हे १९८९ मध्ये दाखवलं गेलं. या सगळ्यात ओळखणारा कुणी नाही, बिजागरी तेवढी फिरते. शिवाय पिशवी आंबू लागते तेव्हा पेशीचा बराचसा मारा अजून व्हायचा असतो, म्हणून इथे 'चाहूल' नेमकी बसते.

क्षयाच्या जिवाणूसाठी मात्र हा शब्द वापरू नका. चाहूल येणाऱ्याची असते, आलेल्याची नव्हे. क्षयाच्या गाठीत ऑक्सिजन घटतो, तो घटलेलाच असतो. तिथल्या संवेदी प्रथिनांत हीम असतं, आपल्या हिमोग्लोबिनमधलंच. ऑक्सिजन नसल्याचा परिणाम त्या हीमवर होतो, संदेश डॉस-आर या, जनुकं चालू करणाऱ्या नियंत्रक प्रथिनाकडे जातो, सुमारे ४८ जनुकं जागी होतात आणि जिवाणू मात्र सुस्तावतो. सरळ लिहा : 'ऑक्सिजन घटल्याचं जाणवताच'. या नियंत्रकाला दुसरं नावही आहे, डेव्ह-आर. ते दिल्लीच्या एम्समधल्या जया त्यागी यांच्या गटानं दिलेलं. रोग करणाऱ्या वाणात तो अधिक सापडतो, हे त्या नावात आहे. सुप्तावस्थेत तगून राहणं हे डॉस-आर या नावात. एकानं सापडल्या जागेवरून बारसं केलं, दुसऱ्यानं कामावरून.

'अनुकूलन'ला माझा खरा आक्षेप आहे. शाळेत मुलं ते उंटाच्या नि निवडुंगाच्या धड्यात शिकतात, म्हणजे पिढ्यान् पिढ्या चालणारा बदल. इथे तोच जिवाणू, तीच जनुकं, फक्त कुठली चालू नि कुठली बंद हे बदलतं, तेही फार वेळ न घेता. याला आपल्याकडे 'जुळवून घेणं' म्हणतात. नव्या सुनेला सांगतात तेच.

'यजमान' राहू द्या, रुळलाय. मुळात यज्ञ करणारा, मग घरधनी, मग पाहुण्याचं स्वागत करणारा, आणि कित्येक घरांत नवरा. भक्षकपेशी पाहुण्याला गिळते, हा तपशील मुलांना तेवढा वेगळा सांगावा लागेल.