सरकारी आपत्ती व्यवस्थापनात पुढाकाराच्या जागेवर पोचायचं असेल तर वाट कुठली?

तुम्ही विचारलंय की सांगलीत राहता, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण) झालंय, २०२१ च्या पुरात स्वयंसेवक म्हणून राबलात आणि आता सरकारी नोकरीत शिरून पुराची आधीची तयारी आणि पूर आल्यावर माणसांची सोय, दोन्हींची जबाबदारी घ्यायची इच्छा आहे. मी २००३ साली तलाठी म्हणून लागले, मधे मंडल अधिकारी होते, आता नायब तहसीलदार आहे. २००५, २०१९ आणि २०२१ हे तिन्ही पूर नोकरीत असताना पाहिले. तेवढ्या अनुभवावरून सांगते.

आधी अधिकार कुणाच्या हातात असतात ते बघा. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ प्रमाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. पोलीस अधीक्षकही त्यात असतात. खालचं काम चालतं ते प्रांताधिकारी, तहसीलदार, मंडल अधिकारी, तलाठी, कोतवाल या साखळीतून. कुठली शाळा ताब्यात घ्यायची, कुणाचा ट्रक लावायचा, कुठल्या गावाला आधी हलवायचं, या निर्णयांवर सही महसूलची असते. म्हणून निर्णय घ्यायच्या जागी बसायचं असेल तर एमपीएससीची राज्यसेवा द्या आणि उपजिल्हाधिकारी किंवा तहसीलदार पदाची तयारी करा. यात वर्षं जातात, हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा.

दुसरी वाट जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकाऱ्याची. जिल्ह्याचा आराखडा, १०७७ चा नियंत्रण कक्ष, मॉक ड्रिल, गावपातळीवरचं प्रशिक्षण हे सगळं या माणसाभोवती फिरतं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत मुंबईला आपत्ती व्यवस्थापनाचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं, पुण्याच्या यशदात, म्हणजे राज्य सरकारच्या प्रशिक्षण संस्थेत, प्रशिक्षणं होतात. एमएसडब्ल्यूवाल्याला ही वाट जवळची. पण या जागा बहुतेक कंत्राटी असतात आणि सही तुमची नसते. माझ्या पाहण्यातले यातले काही जण पाणी चढायच्या काळात अख्ख्या जिल्ह्याचा कणा होते, तरी करार वाढेल की नाही याची धाकधूक त्यांना दरवर्षी असायची. हे मला मनापासून चुकीचं वाटतं. ज्याला गावागावाची नस कळलीय तो माणूस टिकवायलाच हवा.

एनडीआरएफ (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल) आणि अग्निशमन या तिसऱ्या वाटा, पण ते बचावाचं काम. पुण्याजवळची एनडीआरएफची पाचवी बटालियन आपल्याकडे येते, तिथले जवान निमलष्करी दलांतून येतात. तुमचा प्रश्न बचाव झाल्यानंतरच्या माणसाबद्दलचा आहे आणि त्यावरच मला जास्त बोलायचंय, कारण आपल्याकडे खरी तूट तिथेच आहे.

ऑगस्ट २०१९. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. माझ्याकडे मिरजेच्या बाजूची एक शाळा होती, निवारा केंद्र म्हणून. पहिल्या रात्री आम्ही रजिस्टरमध्ये नाव, गाव आणि माणसं किती एवढंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक आजोबा पिशवीतून इन्सुलिनची बाटली काढून म्हणाले, "बाई, ही थंड ठेवायची असती." वीज नव्हती, फ्रीज नव्हता. मग शाळेच्या शिपायाने नवा माठ आणला. माठात थोडं पाणी, त्यात झाकणाचा डबा, डब्यात बाटली, बाहेरून ओलं फडकं. दुपारपर्यंत त्या डब्यात सात जणांच्या बाटल्या झाल्या, प्रत्येकीला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं. सात माणसं इन्सुलिनवर आहेत हे मला आदल्या रात्री माहीत असायला हवं होतं. नंतर त्याच रजिस्टरला हाताने रेघा मारून रकाने पाडले: औषध कोणतं, बाई गरोदर असेल तर कितवा महिना, जनावरं किती आणि कुठे बांधलीत.

जनावरांचा रकाना शहरातल्या लोकांना किरकोळ वाटतो. कृष्णाकाठच्या गावांत माणूस म्हशीला सोडून निघत नाही. म्हैस कुठे जाणार हे आधी ठरलेलं असलं की घर तासाभरात रिकामं होतं, नसलं की बोट दारात येईस्तोवर माणसं माळ्यावर बसून राहतात. त्याच पुरात ८ ऑगस्टला आपल्याच जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ गावी लोकांना बाहेर काढताना बोट उलटली आणि माणसं गेली. त्या दिवसापासून मी हलवाहलवीचा हिशेब पाणी दारात यायच्या कितीतरी आधीपासून धरते. कोयनेतून सोडलेलं पाणी कराडला कृष्णेला मिळतं आणि मग सांगलीला पोचतं. मधले ते तासच आपले असतात.

पूर ओसरल्यावरचं काम आणखी अवघड. पंचनामा, सानुग्रह अनुदान, धान्य, सगळं कुटुंबप्रमुखाच्या नावावर. दिराच्या घरात एका खोलीत वेगळी चूल मांडलेली एक विधवा बाई माझ्याच यादीतून सुटली होती. कायद्याच्या कलम १२ मध्ये मदतीच्या किमान निकषांत विधवा आणि अनाथांसाठी वेगळी तरतूद आहे, पण यादी करणाऱ्याने चूल मोजली नाही तर ती तरतूद कागदावरच राहते. ती बाई तीन वेळा कार्यालयात आली तेव्हा कुठे दुरुस्ती झाली. एमएसडब्ल्यू झालेल्या माणसाची नजर इथे लागते. घरात शिरल्यावर तुम्ही दोन चुली बघता, आम्हाला सातबारा आणि रेशनकार्ड बघायची सवय.

आणि फक्त पुराचा विचार करून या कामात येऊ नका. याच जिल्ह्यात जत, आटपाडीला दुष्काळात टँकर आणि चारा छावण्या बघाव्या लागतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाणी नेणारी रेल्वे मिरजेहून निघाली, पहिल्या फेरीत ५ लाख लिटर. शेजारी साताऱ्यात बदली झाली तर पाटणचा डोंगर आहे. १९६७ चा कोयनेचा भूकंप तिथलाच, आणि जुलै २०२१ ला आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. तिथे पाण्याच्या फुटांचा हिशेब चालत नाही. पावसाच्या रात्री वस्ती वेळेवर खाली आणायची आणि मग कायमची कुठे बसवायची, हा प्रश्न वर्षानुवर्षं चालतो.

आत्ता काय करायचं, तर राज्यसेवेचा अर्ज भरा आणि अभ्यासासोबत आपदा मित्र या स्वयंसेवकांसाठीच्या सरकारी योजनेचं १२ दिवसांचं प्रशिक्षण मिळालं तर घ्या. एप्रिल-मेमध्ये, नदी कोरडी दिसते तेव्हा, सांगली शहरातला सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड असा कुठलाही एक भाग धरा, जिथे इशारा पातळीच्या आधीच पाणी शिरतं. घरोघर जाऊन एकटे म्हातारे, डायलिसिसवाले, इन्सुलिनवाले, गरोदर बायका, वेगळी चूल असलेल्या विधवा यांची वही करा. जून लागायच्या आत ती तहसीलच्या टेबलावर ठेवा, एक प्रत वॉर्डात द्या. अशी वही घेऊन पोरं आली की मी हातातलं काम बाजूला ठेवून त्यांना खुर्ची देते आणि वही पहिल्या पानापासून वाचते.