कोकणात उताराच्या जागेवर घर बांधायला परवानगी कोण देतं, आणि जागा सपाट करायला साधारण किती खर्च येतो?

जेसीबी सांगितला असेल तर आधी तो थांबवा. ॲडव्हान्स बुडाला तरी चालेल.

परवानगीचं पटकन सांगतो. मुंबई, अधिसूचित इको-सेन्सिटिव्ह भाग आणि असे काही अपवाद सोडले तर डिसेंबर 2020 पासून महाराष्ट्रभर बांधकामाची एकच नियमावली आहे, तिला यूडीसीपीआर म्हणतात. कुठल्या जागेवर बांधता येणार नाही याची त्यात यादी आहे. डोंगराळ जागेचा उतार 1:5 पेक्षा जास्त असेल तर ती जागा या यादीत जाते. आडवं 5 मीटर गेलात आणि 1 मीटरपेक्षा जास्त खाली आलात, की विषय संपला. लोक 20 टक्के आणि 20 अंश यांत गल्लत करतात. 1:5 म्हणजे 20 टक्के, अंशांत जेमतेम 11. त्यावर म्हशी चरतात, कुणाला तो डोंगर वाटतही नाही.

गावात 1600 चौरस फुटांपर्यंतच्या घराला नगररचना कार्यालयात जावं लागत नाही. लायसन्सवाल्या इंजिनिअरच्या सहीचा नकाशा आणि मालकीचे कागद ग्रामपंचायतीत द्यायचे. 3200 पर्यंत ग्रामपंचायतच परवानगी देते. सोय चांगली आहे, पण उतार मोजायला जागेवर कुणी फिरकत नाही. आमच्या घराची गोष्ट इथूनच सुरू होते.

रत्नागिरी जिल्ह्यातली आमची 8 गुंठे. वर रस्ता, खाली काकीचं घर, मधल्या 20 मीटरमध्ये आजोबांनी पाडलेले टप्पे आणि ते धरून ठेवणारे सुक्या दगडांचे गडगे, प्रत्येक कमरेइतका, म्हणजे मीटरभर. लॉकडाऊनमध्ये दादा गावी आला तो परत मुंबईला गेलाच नाही, आणि 2021 च्या जानेवारीत त्याने घराचं मनावर घेतलं. बाबांचं म्हणणं होतं की घर टप्प्यांवरच बसवा, पडवी खाली, माजघर वर, मधे चार पायऱ्या. आमच्या वाडीतली सगळी जुनी घरं तशीच आहेत. दादा म्हणाला, "गाडी वळवायची कुठे?" मी पुण्यात होतो. फोनवर एकदा विरोध केला आणि मग गप्प बसलो, हे कबूल करतो.

दोन दिवसांत जेसीबीने सगळे गडगे खाल्ले. इंजिनिअर आला तिसऱ्या दिवशी. सपाट केलेल्या जागेचा उतार किती निघणार? सपाटच निघाला. दादा आजही सांगतो की आमचा कागद खोटा नाही, आणि तो खरंच खोटा नाही.

मागे 11 फुटांचा उभा काप राहिला. वर लाल माती, मग जांभा, आणि जांभ्याखाली तो पिवळट मऊ थर, जो ओला झाला की साबणासारखा होतो. त्याला लागून चिऱ्याची सिमेंटातली भिंत घातली. गवंडी म्हणत होता पाणी निघायला भोकं ठेवूया. दादा म्हणाला नको, फरशीवर लाल डाग पडतील.

22 जुलैला चिपळूण बुडालं. रात्री आमच्या भिंतीला पोट आलं आणि थोड्या वेळाने ती जोत्यावर आडवी झाली. चिखल जोतं ओलांडून काकीच्या गोठ्यात. गुरं तिने संध्याकाळीच पुढच्या पडवीत आणून बांधली होती. एवढा पाऊस पडतोय आणि भिंतीतून थेंब बाहेर येत नाही, हे तिला बरं वाटलं नव्हतं. सकाळी एवढंच म्हणाली, "तुमचा डोंगर आमच्या गोठ्यात आलाय, कधी नेताय?"

त्याच दिवशी महाडजवळ तळीयेला दरड वाडीवर आली, 80 च्या वर माणसं गेली. त्यापुढे आमचं नुकसान बोलण्याच्या लायकीचं नाही. तिथलं कारण आमच्यासारखंच होतं असंही मी म्हणत नाही.

दादाचा बचाव ठरलेला आहे: पाऊसच तसा होता, महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पडला. पडला ना. पण आमच्या शेजारच्या कंपाउंडातले सुके गडगे त्याच पावसात उभे राहिले, कारण त्यांच्या फटींतून पाणी निघून गेलं.

खर्चाचं विचारलंत. जेसीबीचं भाडं हा खर्च नव्हेच, खरा खर्च भिंतीचा. आम्ही ती दोनदा बांधली, शिवाय काकीचा गोठा. माती जागेबाहेर नेणार असाल तर आधी तहसीलदारांची परवानगी आणि रॉयल्टी. विनापरवाना उत्खननाला बाजारभावाच्या पाचपट दंड आहे. बाहेर न नेता पुढच्या बाजूला भराव केलात आणि अर्धं घर त्यावर आलं, तर तडा हमखास.

आता भिंतीला 2 इंची पाइप ठेवलेत, मागे खडी भरलीय. फरशीवर डाग पडतात. वहिनी घासते आणि माझ्या नावाने बोलते.

मी इंजिनिअर नाही, बँकेत नोकरी केली. आणि सगळे उतार वाईट नसतात. खाली कातळ असेल तर 1:4 ची जागाही पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही, मऊ थर असेल तर 1:6 चीही सरकते. नियमाला माती कळत नाही, फक्त उतार कळतो. म्हणून निदान तो तरी कापायच्या आधी मोजून घ्या. गवंड्याची पातळी बघायची पाण्याची नळी आणि टेप पुरते. नंतर इंजिनिअरकडून कंटूर नकाशा, म्हणजे जागेचे चढउतार दाखवणारा नकाशा, करून घ्या, पण तोही कापायच्या आधी.

आमच्याकडे ते झालं नाही, त्यामुळे वाद चालूच आहे. दादा म्हणतो गडगे 4 होते, म्हणजे 20 मीटरला 4, बरोबर 1:5, नियमात. मी म्हणतो 5 होते. लहानपणी उड्या मारत खाली जायचो, शेवटच्या गडग्यावर माझा दात पडलाय. बाबा आता नाहीत. जेसीबी आला त्या दिवशीचा एक फोटो आहे; त्यात दादा नारळ फोडतोय, मागे दोन गडगे स्पष्ट दिसतात, तिसरा अर्धा, आणि त्याखाली जेसीबीचा बकेट आडवा आलाय.