आधी डक्ट सांधा, भोकं बुजवा, इन्सुलेशन शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अ‍ॅरिझोनात, फिनिक्सजवळच्या चॅन्डलरमध्ये १९८९ सालचं एकमजली घर, साधारण १५०० चौरस फूट. अ‍ॅटिकमध्ये (खोल्यांचं छत आणि वरचं छप्पर यांमधली पोकळी) जॉइस्टांच्या, म्हणजे छताच्या आडव्या तुळयांच्या, मधोमध सहा इंचांच्या गुलाबी फायबरग्लासच्या गाद्या. दुपारी तीननंतर एसी थांबत नाही, तरी मागची बेडरूम ८४ अंशांवर. एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतो वरून मशीनने सैल इन्सुलेशन फुंकून आर-४९ करा (आर-व्हॅल्यू म्हणजे उष्णता अडवण्याची ताकद, आकडा मोठा तितकी जास्त), दुसरा म्हणतो छपराला आतून स्प्रे फोम मारा. जूनमध्ये अकोल्याहून आई-बाबा येताहेत, त्याआधी काय करावं? (अंश सगळीकडे फॅरनहाइट धरतो.)

मी शेजारच्या टेंपीत पंधरा वर्षं राहतोय. घर तुमच्यापेक्षा जुनं आहे आणि त्याच्या अ‍ॅटिकमध्ये मी स्वतः बरेच दिवस घातलेत. तुमच्या जागी मी दोन्ही कोट सध्या बाजूला ठेवले असते. कारण एकच, दोघांनीही डक्टबद्दल, म्हणजे अ‍ॅटिकमधून एसीची हवा खोल्यांत नेणाऱ्या नळ्यांबद्दल, चकार शब्द काढलेला नाही.

हिशेब करून बघू. छताचं क्षेत्रफळ गुणिले वरच्या-खालच्या तापमानातला फरक, भागिले आर-व्हॅल्यू, म्हणजे दर तासाला किती बीटीयू (उष्णतेचं माप) उष्णता खाली उतरते ते कळतं. जुलैच्या दुपारी अ‍ॅटिक १४० आणि घर ७८ धरलं तर फरक ६२. तुमच्या सध्याच्या गाद्या साधारण आर-१९ च्या, त्यांतून सुमारे ४९०० बीटीयू उतरतात. आर-३८ केलंत तर २४५०, आर-४९ केलंत तर १९००. आता डक्ट घ्या. आत ५५ अंशांची हवा, बाहेर तेच १४०, फरक ८५. त्या काळच्या फ्लेक्स (लवचिक) डक्टचं आवरण बहुधा आर-४.२ चं असतं, आणि तुमच्या आकाराच्या घरात डक्टचा पृष्ठभाग ४०० चौरस फुटांच्या घरात जातो. म्हणजे ८१०० बीटीयू. अख्ख्या छतातून येते त्याच्या दीडपटीहून जास्त उष्णता नुसत्या डक्टच्या अंगातून आत शिरते. एसीचा एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, त्यावरून अंदाज घ्या. आणि यात गळती अजून धरलेलीच नाही.

गळतीचं दुखणं वेगळंच आहे. एनर्जी स्टार या अमेरिकन सरकारच्या ऊर्जाबचत कार्यक्रमाच्या सांगण्यानुसार सामान्य घरात डक्टमधून जाणाऱ्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा फटी आणि सुटलेल्या सांध्यांतून वाया जाते. थंड हवा अ‍ॅटिकमध्ये सांडली की घरात तेवढी हवा कमी पडते, आणि ती भरून काढायला घर दारा-खिडक्यांच्या आणि छताच्या फटींतून गरम हवा ओढतं. रिटर्नची, म्हणजे घरातली हवा एसीकडे परत नेणारी, बाजू फुटकी असेल तर त्याहून वाईट, कारण मग एसी थेट १४० अंशांची हवा गिळतो. एक खोली बाकीच्या घरापेक्षा पाच-सहा अंशांनी गरम, ही तक्रार ऐकली की मला पहिला संशय त्या खोलीच्या डक्टचा येतो. एकतर सांधा सुटलेला असतो, नाहीतर फ्लेक्स कुठेतरी मुडपलेला.

माझ्या घरात सांधा सुटला होता. पहिल्याच वर्षी मी उत्साहात इन्सुलेशन फुंकून घेतलं, बिल जेमतेम हललं. पुढच्या हिवाळ्यात फळीवर पोट टेकून सरपटत मागच्या कोपऱ्यात पोचलो, तेव्हा दिसलं ते असं: करड्या कापडी डक्ट टेपचा वेढा सुकलेल्या सालीसारखा उलगडून खाली लोंबतोय, डिंकाची पिवळी पूड झालीय, आणि डक्ट त्याच्या तोंडापासून चार बोटं लांब पडलाय. त्या फटीसमोर फुंकलेल्या इन्सुलेशनमध्ये वाऱ्याने परातीएवढा खळगा पडला होता. सबंध उन्हाळा मी तिथे अ‍ॅटिक गार करत होतो. मग तेच नवं इन्सुलेशन हातांनी बाजूला सारत एकेक सांधा शोधावा लागला. ते तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे सगळं इतकं लांबण लावून लिहितोय.

त्या टेपवर खरोखर संशोधन झालंय. १९९८ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत मॅक्स शर्मन आणि इयन वॉकर यांनी निरनिराळ्या टेप तापवून तपासल्या, आणि डक्टच्या सांध्यांवर कापडी डक्ट टेपच टिकली नाही. सांध्याला मॅस्टिकच (सांधे बुजवायचा लेप) लावा. श्रीखंडाएवढं घट्ट असतं, ब्रशने थापायचं, मोठ्या फटीवर आधी जाळीची पट्टी. फ्लेक्सचा आतला थर पट्ट्याने आवळायचा, मग बाहेरचा. डक्टची गळती मोजणारी टेस्ट करून घ्या. कामाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, दोन्ही आकडे लेखी मागा.

डक्ट झाले की छताची भोकं. प्लंबिंगचे पाइप, भिंतींच्या माथ्यावरून उतरलेल्या वायरी, बाथरूमचे पंखे, कॅन लाइट (छतात बसवलेले डबीसारखे दिवे), किचनच्या कपाटांवरचा पोकळ खोका. शोधायचं कसं? गादी उचला. खालचा भाग काळपट दिसला तर तिथून वर्षानुवर्षं हवा जात आलीय आणि फायबरग्लासने तिची धूळ गाळलीय. खाली खोलीत उदबत्ती घेऊन दिव्यांच्या कडेने फिरवा, धूर कुठे वाकतो ते लगेच दिसतं. (अ‍ॅटिकमध्ये मात्र काहीही पेटतं नेऊ नका.) लहान फटींना फोमचा कॅन पुरतो. गॅस हीटरच्या धुराड्याभोवती फोम अजिबात नको; तिथे पत्रा आणि जास्त तापमानाचं सीलंट. कॅन लाइटवर आयसी (इन्सुलेशन अंगाला लागलं तरी चालेल अशी खूण) लिहिलेलं नसेल तर त्यावर इन्सुलेशन टाकणं धोक्याचं आहे, आधी दिवा बदला.

आणखी एक गोष्ट खास आपल्या या फिनिक्सच्या खोऱ्यातली. इथल्या जुन्या घरांना स्वॉम्प कूलर असायचे, म्हणजे आपला अकोल्याचा कूलरच, फक्त छपरावर बसवलेला. मे-जूनच्या कोरड्या हवेत झकास चालतो, मान्सूनची दमट हवा आली की नुसता घाम, हे तुमच्या बाबांना सांगायला नको. त्या कूलरची हवा बाहेर जावी म्हणून छताला अ‍ॅटिकमध्ये उघडणाऱ्या झडपा ठेवत, त्यांना अप-डक्ट म्हणतात. कूलर काढून टाकले, झडपा तशाच राहिल्या. खोलीच्या छताला जाळीचा एखादा चौकोन दिसतोय आणि त्यातून हवा येत नाहीये, असं असेल तर वर जाऊन बघा. ती झडप असेल तर वरून बोर्ड ठोकून, कडा सील करून बंद करा.

अ‍ॅटिकच्या घडीच्या शिडीकडेही असंच कोणाचं लक्ष जात नाही. तिचं पातळ प्लायवुडचं दार जेमतेम आर-२ चं. दहा चौरस फुटांतून ३१० बीटीयू, म्हणजे आर-३८ च्या १९० चौरस फूट छताएवढे. एका बेडरूमचं छत झालं की! वरून फोम बोर्डची पेटी करून झाका, कडेला वेदरस्ट्रिप (फट बंद करणारी पट्टी) लावा. एका सकाळचं काम आहे.

हे सगळं झाल्यावर फुंका, आणि खुशाल आर-४९ पर्यंत फुंका. फिनिक्सचा भाग हवामान विभाग २बी मध्ये येतो आणि २०२१ चा आयईसीसी (इमारतींच्या ऊर्जाबचतीचा) कोड तिथल्या नव्या घरांना आर-४९ च मागतो. आर-३८ आणि आर-४९ मधला फायदा लहान आहे, पण मशीन लावलंच आहे तर वरच्या काही गोण्यांचाच खर्च. जुन्या गाद्या कोरड्या असतील आणि उंदरांनी घाण केली नसेल तर राहू द्या. मी सेल्युलोज निवडतो. इंचाला साधारण आर-३.५ मिळतो, सैल फायबरग्लासला २.५ च्या आसपास. डक्ट जॉइस्टांजवळून गेले असतील तर त्यांच्यावरूनही इन्सुलेशन जाऊ द्या, म्हणजे वरच्या हिशेबातले ते ८१०० बरेच खाली येतील. आपल्या कोरड्या हवेत हे चालतं. ह्यूस्टनसारख्या दमट गावात डक्टवर पाणी धरू नये म्हणून त्याचं आवरणच जाड लागतं. सॉफिटच्या (छपराच्या बाहेर आलेल्या कडेखालच्या) तोंडाशी बॅफल (हवेची वाट मोकळी ठेवणारा आडोसा) लावायला विसरू नका, नाहीतर इन्सुलेशन वाऱ्याची वाट बुजवतं.

कॉन्ट्रॅक्टर फुंकत असेल तर गोण्या मोजा. प्रत्येक गोणीवर छापलेलं असतं की १००० चौरस फुटांना अमुक आर-व्हॅल्यूसाठी किती गोण्या लागतात. काही जण मशीनमध्ये हवा जास्त सोडतात. पट्टीवर जाडी बरोबर दिसते, गोण्या मात्र कमी गेलेल्या असतात आणि थर नंतर बसतो. काम संपल्यावर रिकाम्या गोण्या अंगणात रचून ठेवायला सांगा.

स्प्रे फोमचं बोलायचं तर कल्पना चांगली आहे. छपरालाच फोम मारला की डक्ट गार जागेत येतात. पण मला आलेला कोट फुंकण्याच्या जवळजवळ चौपट होता, आणि अ‍ॅटिकमध्ये गॅसचं उपकरण असेल तर त्याचा वेगळा विचार करावा लागतो. डक्ट सांधून, पुरून काम भागत असताना मी त्यात पैसे घालणार नाही. उष्णता परतवणारं चकचकीत फॉइल लावायचंच तर राफ्टरांच्या (छपराच्या तिरक्या तुळयांच्या) खालच्या बाजूने; इन्सुलेशनवर अंथरलेलं फॉइल इथल्या धुळीच्या वादळांत लवकरच निकामी होतं. अ‍ॅटिकचा विजेचा पंखा नको, तो फटींतून घरातली गार हवाच वर ओढतो. घराच्या ऊर्जाबचतीच्या कामांवरची टॅक्समधली २५सी ची सवलतही आता धरू नका, ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या कामाला ती नाही.

आता कळकळीची गोष्ट. स्वतः वर जाणार असाल तर पहाटे पाचला चढा आणि सातला खाली या, काम अर्धं राहिलं तरी. मी एकदा जूनमध्ये सकाळी साडेनऊला "पाच मिनिटांत येतो" म्हणून चढलो. परत फिरताना उतरायचं दार (हॅच) कुठल्या बाजूला आहे तेच कळेना, हात थरथरत होते, खाली उतरल्यावर उलटी झाली. बायको शिडीशी उभी होती म्हणून निभावलं. कोणीतरी खाली हवंच. मास्क, पूर्ण बाह्या, हातमोजे, आणि विंचवांसाठी यूव्ही टॉर्च; त्या उजेडात ते हिरवट चमकतात.

आई-बाबा येणार म्हणून हेही सांगतो. २०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० च्या खाली उतरलं नाही, आणि त्या वर्षी मॅरिकोपा काउंटीत उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. दुपारी चारला एसी बंद पडला आणि मेकॅनिक दुसऱ्या दिवशी येणार असेल, तर फटी बुजवलेलं, वर जाड थर असलेलं घर बरेच तास सुसह्य राहतं. विदर्भातली माणसं "आम्हाला ऊन नवं नाही" म्हणतात आणि थर्मोस्टॅट वर सरकवतात. इथे रात्रीही ९० च्या खाली उतरत नाही असे दिवस येतात, म्हणून त्यांची खोली त्यांच्या येण्याआधी गार व्हायलाच हवी.

जूनपर्यंत सगळं होणार नाही. डक्टची टेस्ट, मागच्या बेडरूमचा डक्ट, रिटर्नची पेटी आणि शिडीचं झाकण एवढं आता करा. भोकं आणि फुंकणं नोव्हेंबरात. टेस्टचा आकडा आला की इथे टाका, आणि रिटर्नच्या पेटीचा आतून एक फोटोही. कोपऱ्यात ड्रायवॉल (जिप्समची भिंत) आणि लाकडामधली फट दिसते का ते मला बघायचंय.