यादीतलं नाव खोडण्याआधी

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

हार्टच्या औषधाच्या ट्रायलवर (माणसांवरच्या चाचणीवर) लागलीस, वाचून बरं वाटलं. पत्र चांगलं चार पानी लिहिलंस, पण माझी नजर एकाच ओळीवर अडकली. "गोळ्या नीट न घेणारे आणि तारखेला न येणारे पेशंट काढून टाकले की डेटा स्वच्छ होईल." अशांची नावं खोडून यादीही केलीस म्हणे. बाकीच्या प्रश्नांना सवडीने उत्तर देतो. आधी ही ओळ.

अमेरिकेत 'कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट' नावाचा मोठा अभ्यास झाला होता. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या पुरुषांपैकी काहींना कोलेस्टेरॉल उतरवणारं क्लोफायब्रेट, काहींना प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. पाच वर्षांत क्लोफायब्रेटवाले २० टक्के दगावले आणि प्लासिबोवाले २०.९ टक्के. औषधाने काही साधलं नाही. मग कुणाला वाटणारच, की ज्यांनी गोळ्या नेमाने घेतल्या त्यांच्यापुरतं तरी बघू. बघितलं. नेमाने घेणाऱ्यांत मृत्यू १५ टक्के, टाळाटाळ करणाऱ्यांत २४.६. इथेच थांबले असते तर औषध गाजलं असतं. पण त्यांनी तोच हिशोब प्लासिबोच्या गटातही मांडला. नेमाने घेणारे १५.१, न घेणारे २८ च्या वर! ज्या गोळीत औषधच नव्हतं, ती वेळेवर घेणारी माणसं जास्त जगली. १९८० साली हे छापून आलं. कुठल्याही पाठ्यपुस्तकाच्या आधी तू हे आकडे पाठ करावेस असं मला वाटतं.

गोळी वेळेवर घेणारा माणूस बहुतेकदा इतर गोष्टीही सांभाळतो. त्याच्या घरात कुणीतरी आठवण करणारं असतं, हाताशी पैसा असतो, मुळात तब्येत बरी असते म्हणून तो दवाखान्यापर्यंत येऊ शकतो. न येणाऱ्याचं यातलंच काहीतरी बिनसलेलं असतं. त्याला गाळलंस तर रँडमायझेशनने, म्हणजे चिठ्ठ्या टाकून गट पाडल्याने, जमवलेला समतोल तू स्वतःच्या हाताने मोडलास. किडका कवडी कापूस बाजूला काढून उरलेल्या पांढऱ्या कापसावर शेताचा उतारा सांगावा, तसं ते होईल. म्हणून ज्याला ज्या गटात चिठ्ठी पडली, त्याला शेवटपर्यंत त्याच गटात मोजायचं, त्याने एकही गोळी घेतली नसली तरी.

आता आपल्या खान्देशात न येणारे कोण, ते बघ. प्रोटोकॉलमधल्या, म्हणजे ट्रायलच्या आराखड्यातल्या, भेटीच्या तारखा ज्याने ठरवल्या त्याला दिवाळीनंतरची कापूस वेचणी ठाऊक नाही. धडगाव, अक्कलकुव्याच्या बाजूची कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात, हे त्याच्या गावीही नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी माहेरी जातात, तेव्हा चोपड्याच्या पत्त्यावरची बाई शिंदखेड्याला सापडते. या माणसांना 'नॉन-कोऑपरेटिव्ह' म्हणणं मला पटत नाही. पाड्यावरचा माणूस कुठेही गेला तरी बहुतेक होळीला परत येतो. होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजारात आणि होळीत जितके फॉलोअप सापडतील तितके तुझ्या ओपीडीत वर्षभर येणार नाहीत. भेटीच्या मुदतीत होळीचे दिवस बसवता येतात का, ते प्रायोजकाला आत्ताच विचार. फार तर नाही म्हणतील.

पहिल्याच भेटीत एका मोबाईलवर विसंबू नकोस. सिमकार्ड बदलतात, नंबर पोराच्या नावाचा असतो आणि पोरगा सुरतेला. भावाचा, जावयाचा, शेजारच्या किराणा दुकानाचा नंबर घे. गावची आशाताई कोण, तेही लिहून ठेव. आणि या लोकांकडे चौकशी केली तर चालेल का, हे संमतीच्या वेळीच विचार. ऊसतोडीच्या मुकादमाला फोन करावा लागला तर माणूस कुठे आहे एवढंच विचारायचं. हृदयाचा आजार आहे हे मुकादमाला कळलं तर त्याची उचल बंद होईल, आणि ते पाप आपल्या माथी.

संमतीपत्राबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. वाचता न येणाऱ्याचा नुसता अंगठा घेऊन भागत नाही, ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार शेजारी बसलेला हवा. आणि समजावायचं त्याच्या बोलीत. पुस्तकी मराठीत "छातीत वेदना होतात का?" विचारलंस तर नाही म्हणेल. "छातीमा दुखस का, चालताना दम लागस का?" विचार, मग गॅस, पित्त, खांद्यात उसण असं सगळं बाहेर येईल. भारतातल्या ८९ केंद्रांच्या, हार्ट अटॅकच्या रुग्णांच्या 'क्रिएट' नोंदवहीत, २००८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली ती, लक्षणं सुरू झाल्यापासून दवाखान्यात पोचायला मध्यक ३६० मिनिटं, म्हणजे निम्म्यांना त्याहून जास्त, लागलेली दिसतात. सहा तास! त्यात गॅसच्या गोळीचे किती, ते तूच मोज. त्याच नोंदीत गरीब रुग्णांचे तीस दिवसांतले मृत्यू ८.२ टक्के आणि श्रीमंतांचे ५.५. उपचारांतला फरक हिशोबात धरला की ही दरी बहुतेक मिटते. स्मोकिंगच्या रकान्यातही असंच फसायला होतं. बाई बिडी ओढत नाही, म्हणून 'नाही' लिहून मोकळी होऊ नकोस. मिश्री लावते का, तंबाखू-चुना खाते का, ते विचार. ५२ देशांच्या 'इंटरहार्ट' अभ्यासात नुसती तंबाखू चघळणाऱ्यांतही हार्ट अटॅकचा धोका दुपटीच्या आसपास निघाला होता.

नातेवाईक विचारतील, "आमच्या माणसाला खोटी गोळी देता का?" चिडू नकोस, प्रश्न रास्त आहे. ॲस्पिरिन, स्टॅटिन, जे नेहमीचं आहे ते दोन्ही गटांना चालू राहणार, हे आधी सांग. मग सांग की नवी गोळी चांगली की वाईट हे आम्हालाच ठाऊक नाही. हे म्हणताना तुला ते खरंच वाटलं पाहिजे. ऐंशीच्या दशकात हार्ट अटॅकनंतर ठोके चुकणाऱ्यांना ते चुकणं दाबणारी औषधं सर्रास दिली जात. युक्तिवाद बिनतोड होता: ठोके सुधारले की मृत्यू टळतील. 'कास्ट' ट्रायलमध्ये फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड यांची प्लासिबोशी गाठ घातली. ठोके सुधारले, पण औषधाच्या गटात ७५५ पैकी ६३ मेले, प्लासिबोत ७४३ पैकी २६. प्लासिबोचा गट नसता तर ती औषधं अजून किती वर्षं लिहिली गेली असती कोण जाणे.

तुझा दुसरा बेत, आपल्या केंद्रातल्या आदिवासी रुग्णांचा वेगळा निकाल काढायचा, तोही तूर्त बाजूला ठेव. प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्याला एवढीशी संख्या पुरणार नाही. हार्ट अटॅकवरच्या १९८८ च्या 'आयसिस-२' ट्रायलमध्ये १७,१८७ रुग्ण होते आणि ॲस्पिरिनचा फायदा ठसठशीत होता. तरी संशोधकांनी मुद्दाम राशीप्रमाणे फोड केली, तर मिथुन आणि तूळवाल्यांना ॲस्पिरिन किंचित अपायकारक निघालं. छोटे गट पाडले की असे योगायोग निघतातच. (त्यांची रास सूर्यावरची. आपल्या चंद्रराशीने मांडलं असतं तर दुसऱ्याच कुणावर संक्रांत आली असती.)

ट्रायलमधल्या घरी मेलेल्यांचं काम सगळ्यात अवघड. मे महिन्यात भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो आणि शेतात कोसळलेल्या प्रत्येकाला ऊन लागलेलं असतं. असेलही. आपण कारण ठरवायचं नाही. दारावर जायचं, काय झालं ते घरच्यांच्या शब्दांत उतरवायचं, असतील ते कागद, ईसीजी, डिस्चार्ज कार्ड, यांची फोटोप्रत आणायची. रुग्ण कुठल्या गटात होता हे माहीत नसलेली समिती पुढचं बघेल. मात्र बातमी कळल्यापासून २४ तासांत ती एथिक्स कमिटी, प्रायोजक आणि औषध नियंत्रकांकडे गेली पाहिजे. तेराव्याची वाट बघायची नाही.

राहिली तुझी यादी. त्यात तीन तऱ्हेची माणसं एकाच शाईने खोडलेली आहेत. एकाने गोळी बंद केली असेल, पण तो भेटायला तयार असेल. एक दवाखान्यात येणार नाही, पण फोनवर बोलेल. आणि एकाने सरळ सांगितलं असेल की यापुढे माझ्या वाटेला जाऊ नका. फक्त या तिसऱ्याला सोडायचं, आणि तेही त्याचं म्हणणं तारखेसह लिहून ठेवून. पहिल्या दोघांचा शोध चालू राहतो. कुणाला कुठल्या रकान्यात टाकायचं कळत नसेल तर मला विचार, पण यादी पाठवताना नावं आणि गावं झाकून पाठव. तालुका पुरे.

तुझे सर