वीज गेल्यावर एफटूएफएसवरचा डेटा खरंच खराब झालाय हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या एसडी कार्डावर एफटूएफएस (फ्लॅश मेमरीसाठी बनवलेली फाइल सिस्टिम) आहे. वीज गेली, आणि परत सुरू केल्यावर सेन्सरच्या शेवटच्या मिनिटभराच्या नोंदी गायब, एक कॉन्फिग फाइल नुसत्या शून्यांनी भरलेली, वर कर्नल (लिनक्सचा गाभा) ‘एफएससीके चालवा’ म्हणतंय; एफएससीके म्हणजे फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम.

कृपा करून आत्ताच एफएससीके चालवू नका. कार्ड काढून दुसऱ्या लिनक्स मशीनला लावा आणि डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने अख्ख्या कार्डाची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, घ्या. तोवर माउंटही (फाइली वाचण्यासाठी कार्ड जोडणं) नको, कारण रीड-ओन्ली माउंट केलं तरी एफटूएफएस रिकव्हरीसाठी कार्डावर लिहू शकतं. आत डोकावायचंच असेल तर इमेजची प्रत ‘आरओ’ आणि ‘नोरिकव्हरी’ हे दोन्ही पर्याय देऊन माउंट करा.

मिनिटभराच्या नोंदी जाणं हा बिघाड नाही. ही फाइल सिस्टिम बदललेला ब्लॉक सहसा नव्या जागी लिहिते आणि अधूनमधून चेकपॉइंट, म्हणजे सगळी रचना सुसंगत असल्याची नोंद, घेते, एरवी ६० सेकंदांनी. चेकपॉइंटच्या दोन जागा आलटून पालटून वापरल्या जातात. ताजा चेकपॉइंट अर्धवट राहिला तर त्याचा सीआरसी (तपासणीचा आकडा) जुळत नाही आणि माउंट होताना आधीचा उचलला जातो. त्यानंतरचं जे प्रोग्रामने एफसिंक केलं (‘आत्ताच कार्डावर लिही’ असं सांगितलं) होतं तेवढंच परत मिळतं. शून्यांची फाइल बहुधा त्याच जातीची: लांबी नोंदली गेली, मजकूर कार्डापर्यंत पोचलाच नाही. उपाय तो प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हातात आहे.

कर्नलची तक्रार मात्र मी गांभीर्याने घेईन. किर्द आणि खतावणी ताडून बघावी तसं इथे करावं लागतं. नोड म्हणजे फाइलीची माहिती आणि तिचा मजकूर कुठे आहे हे सांगणारा ब्लॉक. कोणता नोड कुठल्या ब्लॉकवर आहे हे एनएटी या तक्त्यात असतं. २ एमबीच्या प्रत्येक सेगमेंटमधल्या ५१२ ब्लॉकपैकी कोणते वापरात आहेत हे एसआयटी या दुसऱ्या तक्त्यात. शिवाय प्रत्येक नोड-ब्लॉकच्या शेवटी त्याचा स्वतःचा क्रमांक लिहिलेला असतो. इमेजच्या प्रतीवर एफएससीके डॉट एफटूएफएस ‘ड्राय-रन’ लावून चालवा, म्हणजे काही न बदलता तो हे सगळं ताडतो. शेवटी एकेका तपासणीपुढे ‘ओके’ किंवा ‘फेल’ येतं. फक्त मोजदादीत थोडा फरक असेल तर दुरुस्ती सहसा निभावते. पण एनएटीने दाखवलेल्या ब्लॉकवर भलत्याच नोडचा क्रमांक निघाला, तर माझा पहिला संशय कार्डावर: फ्लश झाला (सगळं कायमचं लिहून झालं) असं त्याने सांगितलं, प्रत्यक्षात नोड लिहिला जायच्या आत चेकपॉइंट लिहिला गेला. तिथे एफएससीके फक्त तुटलेले दुवे छाटेल, हरवलेला मजकूर आणून देणार नाही.

आणि सगळीकडे ‘ओके’ आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. साध्या फाइलींच्या मजकुराचा चेकसम (पडताळणीचा आकडा) एफटूएफएस ठेवत नाही, त्यामुळे आतला मजकूर बदललेला असला तरी त्याला कळायचं नाही. एसक्यूलाइटचा डेटाबेस असेल तर त्यावर ‘इंटेग्रिटी चेक’ चालवा, बाकी फाइलींचे हॅश (मजकुरावरून काढलेली ओळखखूण) जुन्या बॅकअपशी ताडा.

इमेज दोन ठिकाणी नीट ठेवल्यावरच मूळ कार्ड एफथ्री या चाचणीच्या प्रोग्रामने तपासा. तो कार्ड भरेपर्यंत लिहितो आणि परत वाचून जुळवतो, खोट्या क्षमतेची कार्डं त्यात लगेच उघडी पडतात. डीडीरेस्क्यूला वाचताना एकही सेक्टर अडला असेल तर तपासत बसू नका, कार्डच बदला.